बोलोन्यातला बस्ता

अण्णानं आधी हात जोडले आणि मग वर बघितलं. लांबून त्याला फक्त त्रिशूळ दिसला होता, आणि त्रिशूळ दिसला की आमच्या घरातल्या माणसाचे हात आपोआप जुळतात. जवळ गेल्यावर कळलं की त्रिशूळ धरून उभा आहे तो एक आडदांड पुरुष, अंगावर चिंधी नाही. खाली चार कोपऱ्यांत चार बायका, त्यांचीही तीच तऱ्हा, शिवाय छातीतून पाण्याच्या धारा उडवत बसलेल्या. भोवती जगभरातली रिकामटेकडी माणसं फोटो काढत होती.

"हे बघायला आनलंस व्हय आमाला?" अण्णा स्वरूपाला म्हणाला.

"समुद्राचा देव आहे, अण्णा. नेपच्यून. इथलं सगळ्यांत प्रसिद्ध कारंजं आहे हे."

"देवाला नेसायला न्हाई, आन् गाव म्हनं श्रीमंत." त्यानं जोडलेले हात सोडले आणि कारंज्याकडे पाठ करून उभा राहिला. "एक कापडदुकान न्हाई का ह्यांच्यात?"

स्वरूपा हसली नाही. एरवी हसली असती. पण त्या आठवड्यात ती बापाच्या तोंडाकडे बघत होती ती पावसाळ्यात शेतकरी आभाळाकडे बघतो तशी, आणि मला तिचा राग येत होता.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, बार्शीचा कापडाचा व्यापारी. स्वरूपा त्याची एकुलती मुलगी. तिची आई ती शाळेत असतानाच गेली, तेव्हापासून मी तिला वाढवली; मी लग्न केलेलं नव्हतं, शाळेत मराठी शिकवत होते, सोय झाली सगळ्यांची. पोरगी इंजिनिअर झाली आणि या इटलीतल्या बोलोन्या नावाच्या गावात पुडे भरायच्या यंत्रांच्या कारखान्यात लागली. तिथं तिनं एन्रिको नावाचा मुलगा पसंत केला. अण्णानं फोनवर नाही म्हटलं. तिनं सांगितलं, "तुम्ही एकदा या, माणसं बघा. बघून नाही म्हणालात तर मी ऐकेन." आणि स्वरूपा बोललेलं मोडत नाही. हा गुण तिच्यात कुठून आला कोण जाणे, घराण्यात तर नाही.

म्हणून आम्ही आलो. गावात सांगितलं, युरोप बघायला चाललोय. खरं काम एवढंच, की रविवारी एन्रिकोच्या आईकडे जेवायला जायचं, जेवण झाल्यावर अण्णानं हात धुवायचे आणि तोंडावर 'नाही' सांगायचं. "फोनवर म्हनलेलं 'न्हाई' पोरं धरत न्हाईत," असं त्याचं म्हणणं. माझं मत कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मीही नाहीच म्हटलं असतं. मला मुलगाही ठाऊक नव्हता आणि त्याचं गावही, पण नाही म्हणायला माहिती कशाला लागते.

रविवारपर्यंत गाव बघायचं होतं. गावाचं मोठं देऊळ, म्हणजे चर्च, पाहिलं. खालच्या अर्ध्या भागाला पांढरा-गुलाबी संगमरवर, वरच्या अर्ध्याला नुसत्या विटा. हौसेनं काम काढलं आणि मध्येच दम संपला. शेकडो वर्षं ते तसंच आहे, आणि लोक तेही कौतुकानं बघतात. मग दोन मनोरे पाहिले, दोन्ही वाकडे. बाजार पाहिला, तिथं छताला डुकराच्या तंगड्या टांगलेल्या, आणि खाली बायामाणसं दारूचे पेले हातात घेऊन उभ्या उभ्या त्याच तंगड्यांच्या चकत्या खातायत. आम्ही लिंगायत वाणी, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. अण्णानं नाकाला रुमाल लावला तो गल्ली संपेपर्यंत काढला नाही.

"बोलोन्याला लोक 'लठ्ठ' म्हणतात," स्वरूपा सांगत होती. "इथल्या खाण्यासारखं खाणं इटलीत कुठं नाही म्हणून."

"आपल्याकडं कुणाला लठ्ठ म्हटलं तर बोलणं बंद होतं," मी म्हटलं. "ह्यांना अभिमान वाटतो."

अण्णाला गावात एकच गोष्ट आवडली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कमानींच्या लांबच लांब ओसऱ्या आहेत, सगळं गाव त्यांच्याखालून चालतं, ऊन लागत नाही की पाऊस. "गिऱ्हाईक भिजत न्हाई," तो म्हणाला. "दुकानापुढं दोन घटका हुबं ऱ्हातं. हुबं ऱ्हायलं की आत येतं." हे बोलताना त्याचा चेहरा उजळला होता, आणि मला वाटलं, साता समुद्रापार येऊनही हा माणूस बार्शीच्या दुकानाच्या पायरीवरून उतरलेला नाही.

खाण्याचं तर विचारू नका. स्वरूपा आम्हाला चांगल्या चांगल्या खाणावळींत नेई. अण्णा बसायचा, लोणी लावलेल्या शेवयांच्या पट्ट्या समोर यायच्या, तो पिशवीतून शेंगाचटणीची बरणी काढायचा, पट्ट्यांवर चटणी पसरायचा, वर कडक भाकरी चुरायचा. वेटर लांबून बघत उभा राहायचा. एकदा एकजण जवळ येऊन काहीतरी कळवळून बोलला. "काय म्हणतोय?" मी विचारलं. स्वरूपा म्हणाली, "त्याच्या आजीचा आत्मा रडेल म्हणतोय." अण्णानं त्याला चिमूटभर चटणी हातावर दिली. त्यानं चाटली आणि खोकत आत गेला.

सकाळच्या नाश्त्याला मात्र हॉटेलात मी आणि स्वरूपा दोघीच असायचो. अण्णा खोलीत लिंगपूजा आटोपल्याशिवाय पाणी घेत नाही, आणि परक्या गावात त्याची पूजा जास्तच लांबायची. पहिल्याच दिवशी हॉटेलातली पोरगी माझ्या कॉफीत दूध ओतायला लागली. ती ओतत राहिली, मी बघत राहिले.

"अगं, थांबव तिला," स्वरूपा म्हणाली. "'बास्ता' म्हण."

"बस्ता?"

"आपला बस्ता नव्हे. बास्ता. म्हणजे पुरे."

दूध बशीत सांडलं. पोरीनं माफी मागितली.

"एवढी मोठी भाषा," मी म्हटलं, "आणि पुरे म्हणायला ह्यांना हाच शब्द सापडला?"

"काय वाईट आहे? अण्णांना सांगू का? लग्नाचे बस्ते बांधण्यातच आयुष्य गेलंय त्यांचं, हसतील."

"काही सांगू नकोस. त्याला हसवायला आलोय का आपण?" मी बशीतलं दूध कपात ओतलं. तो शब्द मला आपल्या भाषेतही कधी आवडला नव्हता.

रविवारी आम्ही एन्रिकोच्या घरी गेलो. ओसरीच्या गल्लीतलं जुनं घर, अंधारा जिना, वर लाकडी दार. एन्रिको दारातच उभा होता. उंच, पुढचे केस विरळ झालेले, कानापर्यंत लाल झालेला. त्यानं अण्णाला वाकून नमस्कार केला. वाकणं स्वरूपानं शिकवलेलं असणार, कारण तो नको तितका वाकला आणि त्याचं डोकं अण्णाच्या पोटाला लागलं. अण्णानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला क्षणभर वाटलं आशीर्वाद देतोय. तो कोटाचं कापड चिमटीत धरून बघत होता.

"लोकर हाय," तो मला म्हणाला. "पन मिक्स."

मग आई आली. तिचं नाव लोरेदाना. नवरा वारलेला, शाळेत लॅटिन शिकवून निवृत्त झालेली. शिडशिडीत, कापलेले पांढरे केस, कानांत मोती. तिनं मला टाचेपासून केसांपर्यंत पाहिलं: माझी सुती साडी, स्वेटर, पायातले मोजे आणि चपला. असं बघणं मला नवं नव्हतं. मी जन्मभर वर्गात दारात उभं राहून असंच बघत आले होते. मीही तिला तसंच पाहून घेतलं, आणि दोघींचंही मत एकमेकींबद्दल तिथंच झालं.

आम्ही पाचजण टेबलाशी बसलो. टेबलावर पांढरं कापड, खळ देऊन ताठ केलेलं, कडेला हातानं भरलेली अक्षरं. अण्णानं बसल्या बसल्या त्याचं टोक उचललं, उलटं केलं, बोटांत चोळलं.

"लिनन हाय. हातमागाचं. स्वरूपा, इचार त्यास्नी, हे त्यांच्या आईच्या लग्नातलं हाय का?"

स्वरूपानं विचारलं. लोरेदानाबाईच्या भुवया वर गेल्या. "आजीच्या," स्वरूपानं उत्तर सांगितलं. "त्यांना आश्चर्य वाटतंय."

"आजीच्या," अण्णानं मान डोलावली. "मंग बरोबर. कापडाची ईन पातळ झालीया."

लोरेदानाबाईनं पहिल्यांदाच त्याच्याकडे माणसाकडे बघावं तसं पाहिलं. मला काही त्याचं कौतुक वाटलं नाही. कापड ओळखता येतं म्हणून माणूस ओळखता येतो असं थोडंच आहे.

मग जेवण आलं. एका मोठ्या भांड्यात वाफाळणारा रस्सा आणि त्यात बोटाच्या पेराएवढ्या पिठाच्या पुरचुंड्या. आत मांस, रस्साही कोंबड्याचा. तोर्तेल्लीनी म्हणतात. हे घरच्या लोकांसाठी. आमच्यासाठी वेगळ्या मोठ्या पुरचुंड्या, आत ताज्या चीजचा चुरा आणि हिरवा पाला, वर लोणी. बाईनं त्या वेगळ्या भांड्यात, वेगळ्या चमच्यानं केल्या होत्या. तसं तिनं दोनदा सांगितलं, म्हणजे ते तिला किती जड गेलं होतं हेही आम्हाला कळलं. मग तिनं एक व्याख्यान दिलं. तोर्तेल्लीनी रश्शातच खायच्या. त्यात साय घालणाऱ्या लोकांना तिच्या मते मतदानाचा हक्क नसावा. आणि शेजारच्या मोदेना गावच्या बायका स्वतःला तोर्तेल्लीनीच्या जननी समजतात, पण त्यांना साधी घडी घालता येत नाही.

"किती लांब आहे हे मोदेना?" मी विचारलं.

"गाडीनं अर्धा तास," स्वरूपा म्हणाली.

मला तिचं बोलणं अगदी ओळखीचं वाटलं. आमची आईसुद्धा पुढच्याच तालुक्यातल्या शेंगाचटणीला 'भुकटी' म्हणायची.

बाईनं एन्रिकोपुढे रश्शाचा वाडगा ठेवला. त्यानं वाडग्याकडे पाहिलं, अण्णाकडे पाहिलं, आणि वाडगा हळूच आईकडे सरकवला. आमच्या भांड्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाला. त्याला आमच्यातलं हवं होतं.

बाई हसली आणि वाडगा परत सरकवला. त्यानं पुन्हा तिच्याकडे सरकवला. ती काही बोलली. तोही बोलला, जरा वरच्या आवाजात. मग दोघेही एकदम बोलायला लागले. बाईचा हात एकदा वाडग्याकडे जायचा, एकदा स्वरूपाकडे. पोरगा शांत होता, पण हट्टाला पेटला होता. स्वरूपानं मान खाली घातली.

"काय म्हंत्यात गं?" अण्णानं विचारलं.

"काही नाही, अण्णा. जेवणावरून."

मला त्यांची भाषा येत नव्हती, पण भांडण कळायला भाषा लागत नाही. मुलगा जन्मल्यापासून दर रविवारी आईच्या हातच्या पुरचुंड्या खात आला होता, आणि आज एका परक्या मुलीच्या बापासमोर त्यानं त्या नाकारल्या होत्या. बाई ताडकन उठली. खुर्ची मागं भिंतीवर आपटली. तिनं टेबलावर हात मारला, रस्सा हिंदकळून आजीच्या कापडावर सांडला, आणि स्वरूपाकडे बोट रोखून ती ओरडली:

"बास्ता! बास्ता, एन्रिको! बास्ता!"

मला समजलं. त्या खोलीत इटालियन न येणाऱ्यांपैकी मला एकटीलाच समजलं. पुरे झालं. ही मुलगी पुरे, हे खूळ पुरे. अण्णा जे जेवणानंतर सांगणार होता ते बाईनं जेवणाआधीच सांगून टाकलं होतं. मला खरं सांगायचं तर बरंच वाटलं. आता उठायचं, जिना उतरायचा, विमान धरायचं. स्वरूपा रडेल, तिची समजूत घालायला मी होतेच.

अण्णानं काटा खाली ठेवला.

"काय म्हनल्या त्या?" तो म्हणाला. "बस्ता?"

"अण्णा, ते—"

"पास्ता न्हाई म्हनल्या. चार दिस झालं पास्ता ऐकतोय मी, आता कळतंय मला. ब. बस्ता. तीनदा म्हनल्या." त्याचे डोळे मोठे झाले होते. "नंदे, ऐकलंस का तू?"

"ऐकलं," मी म्हटलं.

"म्हंजे ह्यांच्यातबी हाय!" त्यानं टेबलावरचं सांडलेलं, ती उभी राहिलेली बाई, तो लाल झालेला पोरगा, सगळ्यांवरून नजर फिरवली, आणि त्याच्या तोंडावर ते हिशेब जुळल्याचं समाधान आलं जे मी लहानपणापासून बघत आलेय आणि ज्याचा मला तिटकारा आहे. "असं हाय व्हय. पोरगं म्हनत असंल, कशाला पायजे हे सगळं, कोर्टात सही करू. आजकालची पोरं असंच म्हंत्यात. आन् आई म्हनती, न्हाई, बस्ता झालाच पायजे. तीन डाव ठनकावून सांगितलं बाईनं. बरोबर हाय तिचं! आई हाय ती!"

काय हा माणूस! बाई त्याच्या मुलीला घराबाहेर काढत होती आणि हा तिला दाद देत होता. मला हसू यायला हवं होतं. स्वरूपाचा चेहरा पांढरा पडला होता. ती म्हणाली, "अण्णा, तसं नाही. त्यांच्यात बास्ता म्हणजे—"

तेवढ्यात अण्णा माझ्याकडे वळला. आवाज एकदम खाली आला, दुकानात घरचं काही बोलायचं असलं की यायचा तसा.

"नंदे," तो म्हणाला, "ह्या बारीला मोजायचं न्हाई. इरकल म्हनली तर इरकल. म्हनंल त्याला, म्हनंल ती साडी."

इरकल हा शब्द त्यानं माझ्यापुढं कधी काढला नव्हता. दुकानात रोज शंभरदा उच्चारत असेल, पण माझ्यापुढं नाही. मला वाटायचं तो विसरला. मला वाटायचं, यांना सगळ्यांना विसरणं फार सोपं गेलं.

"स्वरूपा," मी म्हटलं, "गप बस."

"आत्या, पण त्यांना—"

"गप बस म्हटलं ना. अण्णाला पाणी दे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे वर्गात बघायचे तसं पाहिलं. तिनं पाण्याचा जग उचलला.

अण्णा उभा राहिला. पोट सावरलं, टोपी नीट केली, आणि टेबलापलीकडच्या त्या बाईला छातीपाशी हात जोडले.

"बस्ता, ताई," तो म्हणाला. मग तिला कळावं म्हणून हळू, एकेक अक्षर सोडवून: "बस्... ता. बस्ता. आमच्याकडं." त्यानं हात पसरून सगळं घर त्यात घेतलं, भिंतीवरच्या मेलेल्या नवऱ्याच्या फोटोसकट. "समदा बस्ता."

लोरेदानाबाईचं बोट अजून हवेत होतं. ते हळूहळू खाली आलं. तिच्या बाजूनं तिनं काय पाहिलं ते मला तेव्हा लख्ख दिसलं. दुसऱ्या खंडातून आलेला एक म्हातारा पाहुणा. तिनं त्याच्यादेखत त्याच्या मुलीला बोट दाखवलं. आणि तो चिडला नाही, उठून गेला नाही. हात जोडून तिच्याच भाषेत तिला विनवतोय, पुरे, बाई, पुरे, सगळं पुरे.

ती खुर्चीत बसली. नॅपकिन तोंडाला लावला. थोड्या वेळानं नॅपकिनच्या आतूनच काहीतरी म्हणाली.

"माफी मागतायत," स्वरूपा म्हणाली.

"माफी कशाची?" अण्णा म्हणाला. "रीतीचं हाय त्यांचं. बसा म्हनावं. जेवा म्हनावं."

बाई उठली. एन्रिकोपुढचा वाडगा तिनं उचलून आत नेला, कोरी थाळी आणली, आमच्या भांड्यातल्या चार पुरचुंड्या वेगळ्या चमच्यानं त्याला वाढल्या. मग स्वरूपाला. स्वरूपाला एक जास्त. अण्णानं पिशवीतून बरणी काढली. मी डोळे मिटून घेतले. पण बाईनं बरणी त्याच्या हातातून घेतली, वास घेतला, लोण्यावर चिमूटभर चटणी टाकली आणि खाल्ली. मग म्हणाली की वाईट नाही. मोदेनाच्या कुठल्याही पदार्थापेक्षा बरं आहे.

निघताना तिनं स्वरूपाला दारात थांबवून विचारलं, तुझ्या वडिलांना इटालियन येतं का. स्वरूपानं माझ्याकडे पाहिलं.

"एकच शब्द येतो," तिनं सांगितलं.

खाली ओसरीतून अण्णा आणि एन्रिको पुढं चालले होते. अण्णा त्याला कमानींखाली दुकान कुठं घालावं ते मराठीत समजावत होता आणि तो पोरगा मान डोलावत होता. आम्ही दोघी मागं होतो.

"आत्या, हे फसवणं झालं," स्वरूपा म्हणाली. "अण्णांना वाटतंय त्यांनी लग्न मागितलं. त्यांना वाटतंय अण्णांनी माफ केलं. तू मला बोलू का दिलं नाहीस? तुला तर हे लग्न नकोच होतं."

"नकोच होतं."

"मग?"

हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला कधी वाटलंच नाही. इतकी ती फालतू गोष्ट होती.

"माझं लग्न ठरलं होतं," मी म्हटलं. "लातूरचा मुलगा. मास्तर होता, मला आवडला होता. बस्ता आपल्याच दुकानात होता, दुसरीकडं कुठं असणार? त्यांच्याकडची माणसं गादीवर बसली होती. सगळ्यांचं घेऊन झालं. शेवटी मुलाच्या आजीचं राहिलं. तुझ्या आजोबांनी तिला साधं सुती लुगडं काढलं. मुलाची आई म्हणाली, म्हातारीला एक इरकल द्या. आजोबा म्हणाले, हेच चांगलं आहे. ती म्हणाली, इरकल. असं चार वेळा झालं. मग आजोबा म्हणाले, 'पुरे!' आणि ती उठली, तिच्यामागं सगळे उठले."

"एका साडीवरून?"

"एका इरकलीवरून. स्वतःचं कापडाचं दुकान असलेल्या माणसानं. कपाटं भरून इरकली होत्या आत."

"आणि अण्णा?"

"तेव्हा नुकताच दुकानात बसायला लागला होता. माझा शालू उलगडलेला होता, त्याची घडी घातली आणि परत कपाटात ठेवला. घडी चांगली घालतो तो."

स्वरूपानं माझा हात धरला. मला असं रस्त्यात हात धरलेलं आवडत नाही, पण मी सोडवून घेतला नाही. पुढं अण्णा थांबला होता आणि एन्रिकोच्या बाहीची शिवण बघत होता. जन्मभर मी त्या माणसाला बिनडोक समजत आले होते. त्या दिवशीही तो बिनडोकपणेच वागला होता, यात शंका नाही. पण त्याला ती इरकल आठवत होती, आणि ते कळल्यावर मला ओसरीत भर दुपारी रडू आलं. गर्दीतल्या कुणी वळूनही पाहिलं नाही. त्या गावात सगळे वरच बघत चालतात.

लोरेदानाबाईनं त्या दिवशी होकार दिला नाही, पण नकार गिळला. पुढचा होकार त्या पोरानं तिच्याकडून काढला. अण्णानं मात्र बार्शीत उतरल्या उतरल्या सगळ्यांना सांगायला सुरुवात केली, की इटलीत बस्त्याची रीत आपल्यापेक्षा कडक आहे, बायका टेबलावर हात आपटून मागतात. आमच्या पेठेत हे आजही लोकांना खरं वाटतं.

लग्नाआधी बाई बार्शीला आली. अण्णानं तिला दुकानात पांढऱ्या गादीवर लोडाला टेकवून बसवलं, शेजारी स्वरूपा, मागं मी. माझा बस्ता मोडल्यापासून मी त्या गादीवर बसले नव्हते. गड्यांना बाजूला सारून अण्णा स्वतः कापडं काढायला लागला. बाईच्या बहिणीसाठी, मावसबहिणींसाठी, शेजारणींसाठी, मेलेल्या नवऱ्याच्या थोरल्या बहिणीसाठी. एकेक साडी तो हवेत फेकायचा आणि ती उलगडत तिच्या मांडीवर येऊन पडायची. बाई आधी हसली. मग म्हणाली, "बास्ता."

"हां, बस्ताच!" अण्णा खूश झाला आणि पैठणी काढली.

"बास्ता, बास्ता!"

"व्हय, व्हय! बस्ता!" अण्णानं आणखी दोन फेकल्या. बाई कमरेपर्यंत रेशमात बुडाली होती. तिला काही उमगेना. या माणसाला एवढा एकच तर शब्द येतो, मग तो ऐकत का नाही? स्वरूपा तोंडात पदर कोंबून खाली बघत होती.

मग अण्णा आतल्या कपाटाशी गेला आणि एक इरकल घेऊन आला. काळी, लाल काठाची. ती त्यानं फेकली नाही. दोन्ही हातांवर धरून गादीच्या कडेला उभा राहिला, आणि कुणासाठी आणलीय ते बोलला नाही. बाईनं ढिगातून हात बाहेर काढला आणि त्याचं मनगट धरलं.

"बास्ता!" ती कळवळून म्हणाली.

अण्णाला या वेळी आवाजात काहीतरी वेगळं लागलं असावं. त्याचे हात तसेच राहिले. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"नंदे, काय म्हनती गं ती? बस करू का?"

सगळं दुकान माझ्याकडे बघत होतं.

"नाही," मी म्हटलं. "आणखी दाखव म्हणते."